उसने शब्द, आपली बोली

आमच्या मिरा-भाईंदरच्या बचत गटांत मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी बोलणाऱ्या बायका आहेत. मीटिंगमध्ये काही जणी गप्पच बसतात. विचारलं की म्हणतात, "ताई, आमची मराठी शुद्ध नाही हो."

मग आम्ही हिशोबाची वही उघडतो. जमा, खर्च, रक्कम, बाकी हे शब्द अरबी-फारसीतून आलेले. पगार, चावी, पाव, बटाटा पोर्तुगीजांकडून. आपल्या खाडीपलीकडची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती. ते गेले, शब्द राहिले. बटाटा तर त्यांनीही अमेरिकेतून उचललेला!

मराठीनं हे शब्द जसेच्या तसे ठेवले नाहीत. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं. आपण त्याला महिन्याची कमाई केलं आणि 'पगारातून' म्हणू लागलो. चावीच्या चाव्या झाल्या. इंग्रजी बँकेचंही तसंच: बँकेत, बँका.

म्हणून मिसळलेल्या बोलीची लाज नको. पण अर्थ मात्र कळायला हवा. कर्जाच्या कागदावर 'ईएमआय', 'प्रोसेसिंग फी' दिसलं, तर सही करण्याआधी विचारा: किती रुपये, कधी आणि कुणी भरायचे? आमच्या गटांत आता नियमच आहे, न कळलेला शब्द आधी फळ्यावर, सही नंतर. गप्प बसणाऱ्या बायकाच आता सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात. तुमच्या गटातही करून बघा.