लस कुणाची, हात कुणाचे? : क्यूबाच्या औषध उद्योगाकडे पाहताना

(स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या ताईंनी मला बोलावलं तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, की मी क्यूबा पाहिलेला नाही. मी पाहिलाय तो औषधाचा कारखाना. मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली. पहिली सहा वर्षं इंजेक्शनच्या अँप्युल तपासायच्या खात्यात. एक पाटी काळी, एक पांढरी, वर दिवा. अँप्युल दिव्याखाली धरायची, उलटी करायची, आत काचेचा कण किंवा धागा तरंगतो का पाहायचं, की पुढची. संध्याकाळी डोळे असे चुरचुरत की घरी भाजी निवडवत नसे. त्या खात्यात सगळ्या बायाच होत्या. साहेब म्हणत, बायकांची नजर बारीक असते. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. तिथे मात्र बारीक नजर लागत नसावी, कारण तिथे सगळे पुरुष! मी बी.एस्सी. होते. पण प्रयोगशाळेत जायला मला सहा वर्षं आणि युनियनची दोन पत्रं लागली.

हे सगळं आज आठवायचं कारण २०२१ सालचा मे महिना. पुण्यात करोनाची लस बनत होती, जगात जात होती. आणि आमच्या वस्तीतल्या बायका मोबाईलवर नंबर लागतो का बघत बसल्या होत्या. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांना खासगी दवाखान्यात पैसे मोजून लस होती, सरकारी केंद्रावर रांग होती. आमच्या मंडळाच्या बैठकीत धुणंभांडी करणारी एक बाई म्हणाली, "ताई, लस आपल्याच देशात बनते ना? मग ती आपली कशी नाही?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच सुमारास वाचलं की क्यूबा नावाचा एवढासा देश स्वतःची लस स्वतः बनवतोय. म्हणून मी वाचत गेले. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

अक्षरापासून लसीपर्यंत

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. अख्ख्या क्यूबाची त्याहून कमी. ऊस, तंबाखू यांवर जगणारं बेट, आणि नव्वद मैलांवर अमेरिका. १९५९ मध्ये क्रांती झाली. पुढच्या काही वर्षांत देशातल्या सहा हजारांपैकी जवळजवळ निम्मे डॉक्टर देश सोडून गेले. १९६२ पासून अमेरिकेनं व्यापारबंदी घातली. म्हणजे औषधं नाहीत, यंत्रं नाहीत, शिकवणारे नाहीत.

अशा देशानं पहिली गोष्ट कोणती करावी? १९६१ मध्ये त्यांनी साक्षरता मोहीम काढली. सुमारे एक लाख तरुण मुलंमुली कंदील आणि पुस्तक घेऊन खेड्यांत गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. आईबाप सोडायला तयार नव्हते, तरी गेल्या. वर्षभरात सात लाखांच्या आसपास माणसं लिहायला-वाचायला शिकली. त्यानंतर वैद्यकीय शाळा वाढवल्या, आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र काढलं. तिथे तरुण डॉक्टरांना पुन्हा गणित, रसायन, जीवरसायन शिकवून संशोधक घडवले. पहिली मोठी लस यायला त्यानंतर वीसेक वर्षं लागली. आपल्याकडे कुणी मंत्री "बायोटेक पार्क"चा नारळ फोडतो तेव्हा मला ही वीस वर्षं आठवतात. इमारत दोन वर्षांत उभी राहते हो, माणसं राहत नाहीत.

एक घर आणि सहा माणसं

१९८१ ची गोष्ट. इंटरफेरॉन नावाच्या पदार्थाचा तेव्हा जगभर बोलबाला होता. आपल्या शरीरातल्या पेशी विषाणूशी लढताना तो तयार करतात. कॅन्सरवर चालेल अशीही आशा होती. फिनलंडमधले शास्त्रज्ञ कारी कांटेल तो माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून काढत, आणि पद्धत लपवून ठेवत नसत. क्यूबाची सहा माणसं हेलसिंकीला जाऊन थोड्याच दिवसांत ती शिकून आली. हवानातल्या एका राहत्या घरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि काही आठवड्यांतच स्वतःचं इंटरफेरॉन काढलं.

त्याच वर्षी तिथे डेंग्यूची भयानक साथ आली. साडेतीन लाखांच्या जवळपास माणसं आजारी पडली, १५८ दगावली, त्यांत १०१ लहान मुलं. नवं इंटरफेरॉन त्या साथीत वापरलं गेलं. पण रक्तापासून काढायचं म्हणजे रक्त किती आणणार? मग जनुक जिवाणूत घालून जिवाणूकडूनच ते बनवून घ्यायचं तंत्र त्यांनी आत्मसात केलं. १९८६ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं. त्याच तंत्राच्या वाटेनं पुढे यीस्टमधून हिपॅटायटिस-बीची लस बनवली.

कॉन्सेप्सिऑन काम्पा

आता एका बाईची गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकात क्यूबात मेंदूज्वराची, म्हणजे बी गटाच्या मेनिन्जायटिसची साथ होती. लहान पोरं संध्याकाळी तापानं फणफणत आणि सकाळी जात. या गटावर जगात कुठेही परिणामकारक लस नव्हती. अडचण अशी, की या जंतूचं साखरेचं आवरण आपल्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखं असतं. त्यामुळे शरीराला तो परका वाटत नाही. घरात शिरलेल्या चोरानं घरच्याच माणसाचा सदरा घातल्यासारखं.

कॉन्सेप्सिऑन काम्पा यांच्या गटानं तो सदरा सोडून दिला आणि जंतूच्या बाहेरच्या पडद्यातली प्रथिनं घेऊन लस बनवली. ती आधी त्यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना टोचली. मग १९८७ ते १९८९ मध्ये सुमारे १ लाख ६ हजार शाळकरी मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणता येईल असं औषध. परिणामकारकता ८३ टक्के आली. बी गटावर उपयोग दाखवून देणारी ती जगातली पहिली लस. काम्पाबाई पुढे फिनले इन्स्टिट्यूटच्या प्रमुख झाल्या.

पण लगेच टाळ्या नकोत. ही लस ब्राझीलमध्ये दिली, तेव्हा साओ पावलोतल्या अभ्यासात चार वर्षांवरच्या मुलांत तिचा चांगला उपयोग दिसला, पण दोन वर्षांखालच्या बाळांत दिसला नाही. आणि मेंदूज्वराचा सर्वांत मोठा धोका बाळांनाच. सरकारी असो की खासगी, औषधाच्या दाव्याला "कुणावर तपासलं, कोणत्या वयात" हे विचारलंच पाहिजे.

पाळणाघर हाही कारखान्याचाच भाग

काम्पाबाई एकट्या नाहीत. क्यूबाच्या संशोधकांत निम्म्याच्या आसपास बाया आहेत. करोनाकाळात तिथल्या जनुकीय अभियांत्रिकी केंद्राच्या प्रमुख मार्ता आयाला होत्या, फिनले इन्स्टिट्यूटच्या संशोधनप्रमुख दागमार गार्सिया.

हे आपोआप झालं का? १९६० मध्ये क्यूबन महिला महासंघ स्थापन झाला. त्याच्या प्रमुख विल्मा एस्पिन स्वतः रसायन अभियंत्या होत्या. १९६१ पासून सरकारी पाळणाघरं निघाली. १९६५ पासून सरकारी इस्पितळात गर्भपाताची सोय झाली. १९७५ च्या कुटुंब कायद्यात लिहिलं गेलं की घरकाम आणि मुलांचा सांभाळ ही नवराबायको दोघांची जबाबदारी. घरोघरी नवऱ्यांनी लगेच केर काढला असं मी म्हणत नाही. तिथल्या बायाही दुहेरी ओझ्याची तक्रार करतच आल्या. पण पोर कुठे ठेवू या प्रश्नावर प्रयोगशाळेची वाट बंद झाली नाही.

आता आपल्याकडचं ऐका. मुंबईच्या औषध कारखान्यांत पॅकिंगला मुली घेत, आणि लग्न झालं की नोकरी सुटली असा नियम काही ठिकाणी होता. एका कामगार युनियननं तो सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, आणि साठच्या दशकात कोर्टानं तो रद्द केला. माझ्या वेळी नियम नव्हता. पण पाळणाघरही नव्हतं. माझी धाकटी सहा महिन्यांची होती तेव्हा तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी अँप्युल तपासायला जायची. दूध वाहून ब्लाऊज ओला व्हायचा, वर पांढरा कोट. तिसऱ्या महिन्यात माझी जोडीदारीण नोकरी सोडून गेली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, बरं का. ती काय झाली असती, हे कुठल्या ताळेबंदात लिहितात?

उपासमारीत घेतलेला निर्णय

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचा आधार गेला. अर्थव्यवस्था जवळजवळ एक-तृतीयांश आक्रसली. वीज नाही, बस नाही, लोक वजनानं उतरले. तरी सरकारनं हवानाच्या पश्चिमेकडच्या संशोधन संस्थांवरचा खर्च थांबवला नाही. तिथल्या कामाची एक रीत समजून घेण्यासारखी आहे. संशोधन, चाचणी, उत्पादन आणि विक्री एकाच संस्थेच्या छपराखाली. आणि एका संस्थेला लागणारं यंत्र दुसरीकडे असेल तर ते मागून घ्यायचं. विक्रीचा पैसा फिरून आरोग्याकडे आणि संशोधनाकडे. २०१२ मध्ये या संस्था "बायोक्यूबाफार्मा" या सरकारी गटात आणल्या.

व्यापारबंदी नुसती कागदावर नव्हती. १९९९ मध्ये एका बड्या बहुराष्ट्रीय कंपनीला मेंदूज्वराच्या लसीचा परवाना हवा होता, तेव्हा अमेरिकी सरकारनं अट घातली की मोबदल्याचा काही भाग रोख नव्हे, अन्न आणि औषधांच्या रूपात द्यायचा. व्हिसेन्ते वेरेझ यांच्या गटानं कॅनडातल्या शास्त्रज्ञांबरोबर हिब जंतूवर पूर्णपणे कृत्रिम साखरेची लस बनवली, २००४ मध्ये तिचा शोधनिबंध आला. पुढच्या वर्षी पुरस्कार घ्यायला त्यांना अमेरिकेनं व्हिसा दिला नाही.

२०२१ मध्ये "आब्दाला" आणि "सोबेराना" या करोनाच्या लसी त्यांनी स्वतः बनवल्या. सप्टेंबरपासून दोन वर्षांवरच्या मुलांनाही त्या मोठ्या प्रमाणावर दिल्या. असं करणारा तो पहिला देश. लस होती, पण सुया-सिरिंजा कमी पडल्या. त्या परदेशातल्या मित्रगटांनी वर्गणी काढून पाठवल्या.

दुसरी बाजू

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या. १९८६ पासून तिथे एचआयव्ही असलेल्यांना सक्तीनं आरोग्यधामात ठेवलं जाई. जेवण चांगलं, उपचार फुकट, पण बाहेर पडायची मुभा नाही. ही सक्ती १९९३ मध्ये सैल झाली. त्याच क्यूबाला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दाखला दिला, की आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिसचा संसर्ग थोपवणारा हा पहिला देश. दोन्ही खरं आहे. आणि महिला संघटना सरकारमान्य एकच. आज आपण इथे बसून सरकारला शिव्या देतोय, तसं तिथे बसता येत नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या आईनं "नको" म्हटलं तर काय, हे विचारायला बाहेरून कोण जाणार?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी बायकांना पुरतं न सांगता होत होती, म्हणून १९८६ मध्ये स्त्री-संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत शाळकरी, त्यांत कितीतरी आदिवासी मुलींवर एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला, आणि संमतीच्या कागदावर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या.

शिवाय आज क्यूबात साध्या गोळ्यांची टंचाई आहे. कॅन्सरवरचं औषध बनवणाऱ्या देशात औषधांच्या दुकानातली फळी रिकामी. बंदी हे एक कारण, सरकारचे निर्णय हे दुसरं. शिकलेले तरुण देश सोडून चाललेत, त्यांत शास्त्रज्ञही आहेत. साठ वर्षांपूर्वी जिथून सुरुवात झाली होती तिथेच पुन्हा येऊ नये म्हणजे झालं.

आपण काय घ्यायचं

आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली, त्यांची संस्था परळला आहे. १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी पेनिसिलिन कारखाना निघाला. १९७० च्या पेटंट कायद्यामुळे औषधं स्वस्त झाली. २००५ मध्ये तो कायदा बदलला. सरकारी कारखाने आपल्या डोळ्यांदेखत आजारी पडत गेले, आणि आपण महिला संघटनांनी तो प्रश्न युनियनचा म्हणून सोडून दिला. ती आपली चूक झाली असं मला वाटतं. क्यूबाचं डोक्या-मानेच्या कॅन्सरवरचं एक औषध बंगलोरच्या कंपनीबरोबरच्या भागीदारीतून २००६ मध्ये भारतात आलं. औषध तेच. तिथे ते सरकारी इस्पितळात दिलं जातं, इथे बाजारात विकलं गेलं. फरक औषधात नाही.

तेव्हा तुमच्या गावात, तालुक्यात औषधाचा कारखाना किंवा संशोधन केंद्र येणार असेल, तर तीन प्रश्न घेऊन जा. यात सरकारचा पैसा किती, आणि त्या बदल्यात आमच्या प्राथमिक केंद्रात औषध कोणत्या भावानं येणार? चाचणी कुणावर होणार, आणि संमतीचा कागद तिला तिच्या भाषेत कोण वाचून दाखवणार? आणि पाळणाघर कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला साहेब हसतील. हसू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

त्या बैठकीतल्या बाईला मी आता उत्तर देऊ शकते. बाई, लस आपल्या देशात बनली म्हणून आपली होत नाही. ती कुणासाठी बनवायची हे ठरवताना आपण तिथे बसलेल्या असलो, तरच ती आपली होते.

एवढं बोलून थांबते.