रडारकडून सोनोग्राफीकडे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)

आपल्या मंडळातली दोन मुलं सध्या लष्करात ईएमईत आहेत, म्हणून मला बोलायला सांगितलंय.

मी १७ वर्षं रडारच्या दुरुस्तीत काढली. शिकलो इथेच, आपल्या फतेगंजच्या ईएमई स्कूलमध्ये. निवृत्तीनंतर पहिल्याच मुलाखतीत साहेब म्हणाले, ‘‘आमच्याकडे रडार नाही हो.’’ खरंच होतं. डिस्चार्ज बुकात ट्रेडचं नाव होतं, मला काय येतं ते नव्हतं. धाकटी तेव्हा चौथीत. रात्री बसून अर्ज नव्यानं लिहिला. रडार खोडलं, त्याजागी पॉवर सप्लाय, रिसीव्हर, ऑसिलोस्कोप. नोकरीत असतानाच केलेला डिप्लोमा तेव्हा कामी आला; मुलांनो, तो आधीच उरकून घ्या.

आता सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीची यंत्रं सांभाळतो. तत्त्व तेच. स्पंद पाठवायचा, परत यायला लागलेला वेळ मोजायचा. रडारमध्ये एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, म्हणून एक सेंटिमीटर खोलीला १३ मायक्रोसेकंद.

फौजेत मॅन्युअल कपाटात असायचं, इथे कंपनीवाल्याच्या बॅगेत. तिथे यंत्र बंद पडलं की सुभेदारसाहेब ओरडायचे. इथे कोणी ओरडत नाही. बाहेर बाकावर एखादी बाई चार ग्लास पाणी पिऊन ताटकळत बसलेली असते. मला सुभेदारसाहेब परवडले.

सुट्टीवर आलात की या. चारनंतर, रांग सरल्यावर. यंत्र उघडून दाखवतो.