विषारी कोणता, निरुपद्रवी कोणता?

(उत्सवानिमित्त अग्रशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयुष्यभर कचेरीत फायली चाळलेल्या माणसाने सापांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु वरकरणी सारख्या दिसणाऱ्या दोन कागदांतील भेद शोधण्याची कारकुनाची सवय येथेही उपयोगी पडते.

आपली कुळागरे, चिऱ्यांचे गडगे, चुडतांचे ढीग ही सापांची वसतिस्थानेच होत. माणसाच्या प्राणावर बेतणारे प्रमुख साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या प्रत्येकाशी साम्य असणारा एखादा निरुपद्रवी सापही असतोच.

सर्वांत घातक गल्लत मण्यार आणि कवड्या यांची. मण्यार निळसर काळी व तकतकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीने येणारे, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे विरत जातात. तो भिंतीवर सराईतपणे चढून पाली टिपतो.

घोणशीच्या पाठीवर गडद लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा असतात. डोके त्रिकोणी, मान बारीक, फूत्कार मोठा. डुरक्या घोणशीचे ठिपके वेडेवाकडे, शेपूट आखूड, आणि डोके मानेहून वेगळे उठून दिसत नाही. फुरसे लहानखुरे, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून ते करकर आवाज काढते. त्याच्यासारखा भासणारा मांजऱ्या लांब व सडपातळ असतो. त्याचे विष सौम्य असून माणसास त्यापासून भय नाही.

नाग समजून बिचाऱ्या धामणीचा बळी जातो. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात व तिला फणा नसतो. मात्र नागही सदैव फणा काढून बसत नाही, हे विसरू नये. नागपंचमीला मातीचा नाग पूजणाऱ्या आपण, उंदीर खाऊन धान्य राखणाऱ्या धामणीवर दंडुका उगारावा, हे शोभत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सापांना संरक्षण दिले आहे.

आता मुख्य मुद्दा. ही सारी लक्षणे साप न मारता दूर राहण्यासाठी आहेत. दंश झाल्यावर डॉक्टरांकडे जावे की नाही, हे ठरविण्यासाठी मुळीच नव्हेत. पट्टे नसलेली मण्यारही आढळते. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्यास चावते. वेदना जवळजवळ नसते, सूजही बहुधा येत नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात आणि पुढे श्वास थांबतो. अंधारात पाहिलेल्या पट्ट्यांवर विसंबून "कवड्याच होता" म्हणत पुन्हा निजणे म्हणजे प्राणाशी खेळ होय.

आपल्याकडील प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे तयार केलेले असते, आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. म्हणून सापाचा पाठलाग करण्यात, त्याला मारून आणण्यात वेळ दवडू नये. दंश झालेला अवयव हलू देऊ नये, करकचून दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. मंत्रतंत्राची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे.

रात्री बाहेर पडताना हाती विजेरी घ्यावी, पावसाळ्यात खाटेवर निजावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. इतके केले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.