आयडिया दाखवायची, पण कधी?

आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत.

छोट्या वर्कशॉपमध्ये काहीतरी नवं बनवणारे श्रोते मला एक प्रश्न सारखा विचारतात. "मोठ्या कंपनीला दाखवलं तर ते ढापतील. नाही दाखवलं तर विकणार कुणाला?" प्रश्न रास्त आहे, पण एका वाक्यात उत्तर नाही. म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो.

रॉबर्ट कर्न्स. अमेरिकेतलं डेट्रॉइट, म्हणजे मोटारींचं गाव. तिथल्या वेन स्टेट विद्यापीठात हे गृहस्थ इंजिनिअरिंग शिकवायचे. १९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला लागलं आणि त्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. पुढे पावसात गाडी चालवताना वायपरचा वैताग यायला लागला. तेव्हाचे वायपर एकतर बंद, नाहीतर सतत चालू. भुरभुर पाऊस असला की अर्ध्या कोरड्या काचेवर नुसती करकर. कर्न्सना वाटलं, आपली पापणी लवते, थांबते, पुन्हा लवते. वायपर तसा का नको?

घराच्या तळघरात त्यांनी सर्किट बनवलं. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर आणि कमीजास्त करता येणारा रेझिस्टर. कपॅसिटर हळूहळू भरतो, ठरावीक पातळीला पोचला की वायपर एक फेरी मारतो, की पुन्हा भरणं सुरू. बटण फिरवलं की भरायला लागणारा वेळ बदलतो. बस, एवढंच.

१९६३ साली त्यांनी हे फोर्डच्या इंजिनिअरांना दाखवलं. १९६४ च्या डिसेंबरमध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६७ मध्ये पेटंट मिळालं. फोर्डशी बोलणी मात्र फिसकटली. आणि १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांमध्ये थांबून-थांबून चालणारे वायपर आले. मागोमाग बाकीच्या कंपन्यांचेही.

१९७८ मध्ये कर्न्सनी फोर्डवर दावा लावला, १९८२ मध्ये क्रायस्लरवर. कंपनीचं म्हणणं काय? यात नवं काहीच नाही, हे सगळे पार्ट दुकानात मिळतात. हा युक्तिवाद नीट ऐकून ठेवा, कारण तुमच्यासमोरही हाच येणार आहे. आता डाळ, गूळ, कणीक प्रत्येक घरात असते. म्हणून पहिल्यांदा पुरणपोळी करणाऱ्या बाईने काही नवं केलं नाही, असं म्हणाल का? जुळणी नवी असेल, आणि त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसेल, तर तो शोधच.

१९९० मध्ये ज्युरीने सांगितलं, फोर्डने पेटंटचं उल्लंघन केलं, पण जाणूनबुजून नाही. फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. क्रायस्लरचा खटला कर्न्सनी स्वतः उभं राहून लढवला. तिथे व्याजासकट सुमारे ३ कोटी डॉलर मिळाले, तेही १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं अपील ऐकायला नकार दिल्यावर.

जिंकले म्हणायचं का? मला विचाराल तर अर्धेच. तेव्हा अमेरिकेत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं चालायचं. म्हणजे १९६७ चं पहिलं पेटंट १९८४ मध्येच संपलं आणि निकाल आला १९९० मध्ये. आता त्या पेटंटवर पैसे मागता येतात, पण 'बनवणं थांबवा' असं कुणाला सांगता येत नाही. कर्न्सना स्वतःचा कारखाना काढून वायपर पुरवायचे होते. तो कारखाना राहिलाच. संसार मोडला. पोरं बापाच्या खटल्याची कागदपत्रं लावत मोठी झाली. बाकीच्या कंपन्यांवरचे दावे मुदतीत कागद न गेल्याने निघाले. २००५ मध्ये ते वारले. २००८ मध्ये त्यांच्यावर 'फ्लॅश ऑफ जीनियस' हा सिनेमा आला.

आता आपल्याकडचं बघू.

पहिलं, अर्ज आधी, दाखवणं नंतर. भारतात एकदा गोष्ट जाहीर झाली, यूट्यूबवर टाकली, लेखात छापली, की साधारणपणे नवेपणा गेला. सगळं पक्कं नसेल तर तात्पुरत्या तपशिलाचा, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. कंपन्यांचे उंबरे झिजवायचे ते या १२ महिन्यांत.

दुसरं, पेटंटमधला जीव 'क्लेम'मध्ये असतो. नक्की कशावर हक्क सांगताय, ते तिथे लिहिलेलं असतं. ढिसाळ लिहिलं तर कंपनी एक स्क्रू बदलून बाजूने निघून जाते. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, चांगल्या पेटंट एजंटवर नको.

तिसरं, गुप्ततेचा करार मागा. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा सही करत नाहीत. मग निदान भेटीनंतर त्याच दिवशी मेल टाका: आज तुमच्या अमुक लोकांना मी अमुक दाखवलं. एवढ्या साध्या मेलचाही पुढे पुरावा म्हणून उपयोग होतो.

चौथं, भारतातलं पेटंट भारतापुरतंच. बाहेर हवं असेल तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत हालचाल करावी लागते. आणि पेटंट ऑफिस तुमच्यासाठी भांडायला येत नाही, कोर्टात तुम्हालाच जायचंय.

म्हणून शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला पैसा हवाय, नाव हवंय, की स्वतःचा कारखाना, हे पहिल्या मीटिंगच्या आधी घरच्यांसोबत बसून ठरवा. पैसा हवा असेल तर लायसन्स द्या आणि पुढच्या शोधाला लागा. कारखाना हवा असेल तर बोलणीच वेगळी होतात. भांडण लागलंच, तर त्याची किंमत घरातले सगळे मोजतात. निदान त्यांना आधी विचारलेलं असावं.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. फक्त एक करा, अर्ज झाला नसेल तर शोधाचा तपशील मलाही पाठवू नका! भेटू पुढच्या भागात.