उदासीन मतदार आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्यांना राजकारणात रस नाही, त्यांना मतदानाचा आग्रह करावा काय, हा आजचा विषय आहे. काही सुशिक्षित मंडळी म्हणतात की, ज्याला उमेदवाराचे नावही ठाऊक नाही, त्याचे अविचारी मत न दिलेल्या मतापेक्षा घातक होय. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

परंतु आपण ज्याला उदासीन म्हणतो, तो खरोखर तसा असतो काय? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली. कारण, स्वतःचे नाव न सांगता त्यांनी ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशी ओळख दिली होती, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद ग्राह्य धरली नाही. ‘बायकांना राजकारणाशी काय कर्तव्य?’ असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर अनेकांना ते पटले असते. तथापि २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांहून किंचित अधिक भरली. तेव्हा पुष्कळदा औदासीन्य हा माणसाचा स्वभाव नसून, त्याला कोणी विचारलेच नाही, याचा तो परिणाम असतो.

सायमन कमिशनच्या काळात डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा साक्षरतेची अट त्यांनी अमान्य केली. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो, ही समजूतच त्यांना चुकीची वाटत होती. शिक्षक या नात्याने मतदान केंद्रावर काम करताना मलाही त्याचा प्रत्यय आला. ‘मास्तर, शिक्का कोणावर मारू?’ असे विचारणारे वृद्ध भेटत. उत्तर देणे मला वर्ज्य होते. ते क्षणभर घोटाळत, आणि मग पडद्याआड जाऊन स्वतःच निर्णय करीत.

म्हणून आग्रह अवश्य करावा. मात्र त्याला दोन मर्यादा असाव्यात. पहिली, सक्ती नको. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचे आहे. आपल्या देशाने तो मार्ग धरलेला नाही. ज्याला एकही उमेदवार पसंत नाही, त्याच्यासाठी २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे.

दुसरी मर्यादा आपणांस विशेष लागू आहे. मत द्या, असे मंडळाने सांगावे. कोणाला द्या, हे सांगू नये. जातीच्या नावावर मत मागणे हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो, आणि त्यात मतदाराच्या जातीच्या नावाने केलेले आवाहनही येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. ज्ञातीची मते एकगठ्ठा मोजून देणारे मंडळ आपल्या सभासदांना पुन्हा ‘अमक्याचा माणूस’ करून सोडते. हा अपराध २८ लक्ष नावे गमावण्याहून लहान नव्हे.

मंडळाला करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. वर्षातून चार तारखांच्या आधारे नवीन मतदारांची नोंदणी होते. घरातील अठरा वर्षांची मुले आणि लग्न होऊन आलेल्या सुना यांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे पाहावे. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांत त्यांचे शिक्षण, मालमत्ता व गुन्ह्यांची माहिती असते. ती सर्वांसमक्ष वाचून दाखवावी, आणि वाचणाऱ्याने तेथेच थांबावे. पुढचा विचार ऐकणाऱ्याचा.