हवेचे माप



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की श्रोते दोन गोष्टींची तयारी ठेवून बसतात. एक घोषणांची आणि दुसरी वर्गणीच्या पावतीपुस्तकाची. आज मी या दोन्ही गोष्टी घरी ठेवून आलो आहे. मी फक्त एक प्रयोग सांगणार आहे, आणि तो आपण आजच रात्री घरी करून पाहू शकाल. हातभर अंतरावर एक पेटती मेणबत्ती ठेवा आणि फुंकर घाला. ती विझेल. आता ती पुन्हा पेटवा आणि तितक्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझवायचा प्रयत्न करा. छाती फुटेपर्यंत ओढलीत तरी ज्योत जागची हलणार नाही.

असे का होते? फुंकलेली हवा बाणासारखी एका दिशेने जाते. ओढलेली हवा मात्र समोरून, बाजूने, मागून, जिथून वाट मिळेल तिथून येते. जाणकारांचा ठोकताळा असा आहे की, नळीच्या तोंडाची जेवढी रुंदी तेवढ्याच अंतरावर ओढीचा वेग जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. फुंकीचा वेग तितका कमी व्हायला त्या रुंदीच्या सुमारे तीसपट अंतर लागते. एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली, आणि ती कळायला भंगारातल्या मोटारींची एक पेटी बांधावी लागली. त्या पेटीची हकिगत आज सांगतो.

नगर रस्त्यावर स्वयंपाकघराचे ओटे कापून देणारे अनेक कारखाने आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा ओटा तिथेच कापला गेला असेल. त्यांतल्या एका शेडमध्ये चौदा माणसे कामाला होती. शेडचे नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. आपल्या वाघोलीच्या खाणींतला काळा दगड वेगळा. त्यात मोकळी सिलिका अगदी थोडी असते. म्हणून खाणीची धूळ निरुपद्रवी ठरते असे मात्र कोणी समजू नये. बाहेरून येणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये कमीअधिक पाव हिस्सा गारगोटी असते, आणि हल्ली निघालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. याच फरशीच्या धुळीने तरुण कारागीर दगावू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली.

जी धूळ आपल्याला दिसते, अंगावर बसते, ती बरीचशी नाकाघशातच अडते. मारते ती न दिसणारी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर ही धूळ पाच मायक्रॉनच्या आतबाहेर असते. ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे जखमेच्या वणासारखे घट्ट ऊतक तयार होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा झाला की मागे फिरत नाही. त्यावर क्षयही लवकर जडतो, आणि पुष्कळदा या रोगालाच क्षय समजले जाते. त्या शेडमधला कडा घासणारा एक कारागीर दीड वर्ष क्षयाच्या गोळ्या खात होता. जिना चढताना तो तीनदा बसे. त्याचे वय होते एकतीस.

आम्ही मालकाकडे गेलो. मालक काही राक्षस नव्हता. तो म्हणाला, “भाऊ, मी धूळ ओढणारा पंखा बसवलाय. त्याचा आवाज इथपर्यंत येतोय. अजून काय करू?” पंखा खरोखरच होता. भिंतीपलीकडे होता, आणि तिथून लांबलचक सुरकुत्यांचा पाइप तीन वळणे घेऊन कामाच्या टेबलापासून दोन हातांवर येऊन थांबला होता. कारागीर म्हणत, “दादा, हा नुसता ओरडतो, ओढत नाही.” मालक म्हणे ओढतो, कामगार म्हणत नाही ओढत. अशा वादात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, आणि पंख्याचा आवाज आम्हा सर्वांपेक्षा मोठा होता.

मला त्या रात्री नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण झाली. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचा अर्ज त्यांनी पुढे केला. त्यात मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. या प्रत्येक मागणीला माप आहे. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, मालकाच्या घड्याळातही आणि कामगाराच्या घड्याळातही. म्हणूनच १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली तेव्हा, मिळाली की नाही, याबद्दल वाद घालायला जागा उरली नाही. वेळेला घड्याळ होते. आमच्या हवेला घड्याळ नव्हते.

कायदा होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमात धूळ ओढणारे साधन धूळ जिथे उठते त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे, असे स्पष्ट लिहिलेले होते. मेणबत्तीचा प्रयोगच जणू कायद्याच्या भाषेत उतरवला होता. तो कायदा आता २०२० च्या संहितेत सामावला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मूळ कायद्यात यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना दहा माणसांपासून ‘कारखाना’ ठरत असे. संहितेत तो वीस माणसांपासून ठरतो. चौदा माणसांच्या शेडचा हिशेब आपणच करा. जिथे कायद्याचा हात आखडता होतो, तिथे माणसाला स्वतःचे माप हाती घ्यावे लागते.

इंजिनाचे हेड किती हवा घेते हे पाहण्यासाठी शर्यतीच्या गाड्यांचे मिस्त्री एक पेटी वापरतात, असे मी एका जुन्या पुस्तकात वाचले होते. आमच्या सभासदांत एक टर्नर होता, एक सुतार होता. जुन्या बाजारातून टाकाऊ व्हॅक्यूम क्लीनरच्या तीन मोटारी आणल्या. एक जळालेली निघाली. दोघींचे कार्बन ब्रश बदलले आणि त्या चालू झाल्या. सुताराने प्लायवूडची दोन फुटी पेटी केली आणि मध्ये फळी घालून तिचे दोन कप्पे पाडले. पहिल्या कप्प्याला तपासायचा पाइप जोडायचा. दुसऱ्या कप्प्यामागे मोटारी. मधल्या फळीत पत्र्याची चकती, आणि तिला टर्नरने पाडलेले ५० मिलिमीटर व्यासाचे, धारदार कडेचे भोक. हवेला मोटारीकडे जायला एवढी एकच वाट.

माप घ्यायला गवंड्याची पाणलेव्हलची पारदर्शक नळी घेतली, तिचे दोन तुकडे इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवले आणि पाण्यात निळ्या शाईचे थेंब टाकले. पहिली नळी पाइपावरची ओढ दाखवते, दुसरी भोकाच्या दोन अंगांच्या दाबातला फरक. मोटारींच्या कप्प्याला एक सरकते झाकण. ते कमीजास्त उघडून पहिल्या नळीतली ओढ दर वेळी १०० मिलिमीटर पाण्यावर आणायची आणि मग दुसरी नळी वाचायची. म्हणजे प्रत्येक पाइपाला परीक्षा एकच, गुण मात्र ज्याचे त्याचे. दुसऱ्या नळीत १०० मिलिमीटरचा फरक पडला, तर त्या भोकातून सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा जाते.

एक गंमत सांगतो. या मोटारीचे तोंड हाताने बंद केले, की तिचा आवाज चढतो. आपल्याला वाटते, बिचारी जोर करते आहे. वस्तुतः ओढायला हवाच नसल्यामुळे तिला काम उरत नाही, म्हणून ती मोकाट पळते. सर्वांत जास्त ओरडते तेव्हा ती सर्वांत कमी काम करते. हे सूत्र आम्हा पुढाऱ्यांनाही लागू पडेल, पण तो आजचा विषय नाही.

मालकाने बदललेल्या पाइपाचा जुना तुकडा वळणांसकट आम्ही मिळवला. दुसऱ्या नळीवर आकडा आला २५. मग आखूड, सरळ, आतून गुळगुळीत पाइप लावला. आकडा आला १००. मी कागद घेऊन मालकाच्या टेबलावर आपटला आणि म्हणालो, “तुमचा पाइप चौथा हिस्साच हवा ओढतो!”

टेबलापाशी मालकाचा पुतण्या बसला होता. अभियांत्रिकी शिकलेला, अबोल मुलगा. तो हळूच म्हणाला, “काका, चौथा हिस्सा नाही. निम्मी. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. हवा दुप्पट झाली की फरक चौपट दिसतो.”

मी सातवी शिकलेला माणूस. वर्गमूळ शाळेत सुटले ते सुटलेच. माझ्याबरोबरचे चौघे कारागीर खाली बघू लागले. मंडळी, तीस वर्षांच्या चळवळीत मी लाठी खाल्ली आहे, पण इतका ओशाळलो नव्हतो. आकडा चुकल्याबरोबर आमची खरी तक्रारही खोटी ठरू पाहत होती.

मी म्हणालो, “पोरा, चूक माझी. तू शेडवर ये आणि तूच तपास.” तो आला. त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल? पेटीचे तोंड पूर्ण बंद केले. दुसऱ्या नळीत काहीच दिसायला नको होते. तिथे १ मिलिमीटर दिसला. मी म्हटले, शंभरातला एक, सोडून दे. त्याने वर्गमूळ काढून दाखवले. शंभरातला एक म्हणजे हवेचा दहावा हिस्सा, सेकंदाला ५ लिटर, पेटीच्या सांध्यांतून गळत होता. सुताराने सांध्यांत लांबी भरली. तोंड पुन्हा बंद केले तेव्हा नळीतले पाणी दोन्हीकडे सारखे राहिले. मग पुन्हा मापे घेतली. जुना पाइप १६, नवा ८१. म्हणजे २० लिटर आणि ४५ लिटर. ज्या दोषाने मालकाचा पाइप बरा दिसत होता, तो दोष आमच्याच पेटीत होता!

त्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, त्याची आणि माझी. मालकाने तो वाचला आणि वाद घातला नाही. पाइप आखूड झाला, त्याचे तोंड हलत्या दांड्यावर चढून घासणाऱ्या हातापासून वीतभर आले. कापण्याच्या यंत्रावर पाणी होतेच, आता कडा घासतानाही पाणी सुरू झाले. धुळीवर पाण्याइतके गुणकारी दुसरे काही नाही. छातीच्या वार्षिक तपासणीचा खर्च मात्र मालकाने अजून मान्य केलेला नाही. ती बोलणी चालू आहेत.

या पेटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती हवा मोजते, धूळ मोजत नाही. ४५ लिटर म्हणजे फुप्फुस सुरक्षित, असा दाखला ती देऊ शकत नाही. त्यासाठी शेडमधल्या हवेचे नमुने घेणारी उपकरणे आणि छातीचा एक्स-रे हवा. आणि तो एकतीस वर्षांचा कारागीर? त्याने काम सोडले आहे. त्याच्या छातीत जे बसले ते कोणतीही मोटार ओढून काढू शकत नाही. त्याच्या जागी आज जो मुलगा उभा आहे, त्याच्यासाठी ही खटपट.

मी इतकी वर्षे कामगारांना सांगत आलो की, आपला आवाज वाढवा. आज त्यात थोडी भर घालतो. आवाजाबरोबर माप ठेवा. आणि ते माप दुसऱ्याला लावण्याआधी आपल्या पेटीचे तोंड बंद करून पाहा, गळती आपल्याकडे तर नाही ना. ज्या मापाने आपली चूक पकडली जाऊ शकते, तेच माप समोरचा मानतो.

आपणा घरधन्यांना आणि गृहिणींना एकच विनंती. पुढच्या वेळी ओटा घ्यायला गेलात, की दगडाचा रंग आणि भाव विचाराल, तसे हेही विचारा, “कडा पाण्यावर घासता की कोरड्या?” हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर जे काम माझ्या संघटनेला दोन वर्षे लागले ते एका हंगामात होईल.