मतलई आणि खारा वारा

यशवंतपूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथे माझ्या खिडकीतून दिसतात त्या आगगाड्या. आणि सर्व काही त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावे, ही सवय नोकरीने मला लावली आहे. तीच सवय बरोबर घेऊन गेल्या जानेवारीत मी तीन मित्रांसह देवगडला शिडाच्या होडीत चढलो. मालवण दक्षिणेस सुमारे २० सागरी मैल. सायंकाळपूर्वी पोहोचू, असा हिशेब मी कागदावर मांडला होता.

श्रोतेहो, कोकण किनाऱ्यावर आता शिडे क्वचितच दिसतात. बहुतेक होड्यांना यंत्रे बसली आहेत. आमच्या वृद्ध तांडेलाने मात्र आपले शीड जपले होते. पहाटे त्याने ते उभारले, तेव्हा जमिनीकडून गार वारा वाहत होता. हा मतलई वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून वारा समुद्राकडे जातो. दिवसा जमीन तापली की तो उलट फिरतो आणि खारा वारा होतो. या दोहोंच्या मध्यंतरी समुद्र निश्चल असतो. त्या दिवशी हे मध्यंतर फारच लांबले. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबत राहिले. गप्पा संपल्या, शिदोरी संपली आणि माझा धीरही संपला.

तिसऱ्या प्रहरी वायव्येचा वारा आला खरा. पण आचऱ्याच्या खाडीपाशीच सूर्य बुडाला. तांडेल म्हणाला, “आज हंयच रवया.” दुसऱ्या दिवशी सकाळी माझी परतीची गाडी होती. मी त्याला चार कठोर शब्द ऐकवले, ठरलेल्या भाड्याची आठवणही दिली. मित्रांनी माना खाली घातल्या. तांडेलाने काही न बोलता नांगर सोडला, आणि रात्री आपले कांबळे माझ्या अंगावर घातले.

पहाटे मतलईवर निघून आम्ही मालवणला आलो, तेव्हा ओहोटी होती. सिंधुदुर्गाभोवती काळे खडक उघडे पडले होते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा जलदुर्ग बांधावयास घेतला, तो या खडकांचा पहारा पाहूनच असावा. अंधारात त्यांतून वाट काढावी, असा माझा हट्ट होता! तांडेलाने मजकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याची दृष्टी पाण्यावर होती.

गाडी चुकली. त्यावाचून काहीही अडले नाही. धक्क्यावर मी भाडे मोजून दिले, नमस्कार केला. क्षमेचा शब्द मात्र ओठांतच राहिला.

परतल्यापासून त्याला लिहावयास घेतलेले पत्र मेजावर अर्धवट पडून आहे. सरकारी पत्रे मी रोज लिहितो. हे एक साधत नाही. देवगडला त्याच्या घरी रेडिओ लागला असेल, तर हे भाषण त्या पत्राचा राहिलेला मजकूर समजावा.